पांढरीतला हापसा

ग्रामपंचायतीच्या या स्मरणिकेसाठी समितीने माझ्याकडे दोन मथळे सोपवले होते: ‘गावाचा वारसा’ आणि ‘गावातील सोयी’. पहिल्यात देवळे, नद्या, लढाया याव्यात. दुसऱ्यात नळ, रस्ता, दिवाबत्ती, दवाखाना. कागद घेऊन बसलो आणि दुसऱ्याच दिवशी अडलो. आड कुठे घालायचा? बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यातून पाणी शेंदले, ज्याच्या दगडी काठाला दोराच्या खाचा पडल्या, तो आड सोय म्हणावा की वारसा? चावडीचे काय? नदीच्या उताराचे काय? शेवटी दोन्ही मथळे खोडले आणि हे एकच टिपण लिहायला घेतले. समितीला ते पटले नाही तर कात्री त्यांच्या हातात आहेच.

धावडा हे भोकरदन तालुक्याच्या उत्तर अंगाचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेला खेटलेले, अजिंठा-बुलढाणा रस्त्यावरचे गाव. घाट उतरला की खानदेश, पूर्वेला सरकले की वऱ्हाड. त्यामुळे आपल्याकडच्या सोयरिकी तिन्ही मुलखांत, आणि बोलण्यात तिन्हींची सरमिसळ. नाव झाडावरून पडले असणार असे मला वाटते. या पट्ट्यात पिंपळगाव आहे, वडोद आहे, पळसखेडे आहे; मग धावड्याचेच नवल काय? धावड्याचे लाकूड चिवट. कुऱ्हाडीचा दांडा आणि गाडीचा आस त्याचाच करीत. डिंक तर अजूनही बाळंतिणीच्या लाडवात पडतो.

वारसा म्हटले की आपली नजर गावाबाहेर जाते, आणि त्यात खोटे काही नाही. मोटारसायकलने एका दिवसात हिंडता येईल एवढ्या टापूत केवढे तरी पडले आहे. पश्चिमेला अजिंठ्याची लेणी. जवळच महानुभावांचा जाळीचा देव. चक्रधरस्वामींच्या चरणस्पर्शाने पावन झालेले ठिकाण म्हणून देशभरचे महानुभाव तिथे येतात. पारधला पराशर ऋषींची आठवण सांगतात. अन्व्याला बाराव्या शतकातले महादेवाचे देऊळ आहे. आत पिंड असली तरी बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्तींच्या मूर्ती आहेत, त्या पाहताना मान दुखून येते. आणि खुद्द भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनची माणसे आहेत. १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत, इसवी सन ७९च्या ज्वालामुखीच्या राखेखालून निघाली होती. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावचा माल रोमन माणसाच्या घरात शोभेला गेला असेल, असे म्हणायला जागा आहे. आज आपली मिरची ट्रकात बसून परराज्यात जाते, त्याचे अप्रूप मग थोडे कमी वाटते.

पण मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटते ती असईच्या लढाईतली एक बारीक गोष्ट. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली. मध्ये केळना नदी. वाटाड्यांनी सांगितले, इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिले तर नदीच्या अल्याड एक गाव आणि पल्याड समोरासमोर दुसरे गाव. तो म्हणाला, दोन गावे अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत म्हणजे त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, आणि ये-जा आहे म्हणजे उतार आहे. उतार निघाला. फौज पार झाली, पुढे काय झाले ते पाठ्यपुस्तकात आहे. वाटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणीही असईची लढाई आपली सर्वांत चांगली लढाई मानीत असे. तो उतार कुठल्या राजाने बांधला नव्हता. बाजाराला, दळणाला, सासर-माहेरला जाणाऱ्या माणसांच्या आणि बैलांच्या पायांनी तो पडला होता. गावातली एक साधी सोय, आणि तिच्यावर इतिहास फिरला. कुठल्याही ग्रामपंचायतीच्या इतिहासाची सुरुवात मला अशीच करावीशी वाटते.

जुन्या माणसांच्या तोंडी गावाचे दोन भाग असत: पांढरी आणि काळी. घरांची वस्ती ती पांढरी. शतकानुशतके चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळून तिचा रंगच तसा झालेला. शेतजमीन ती काळी. निजामाच्या राज्यात दोन्हींवर नजर ठेवणारे एकच ठिकाण होते, चावडी. १८६५च्या सुमारास सालारजंगांनी जिल्हाबंदी केली, तालुके आखले. आपण भोकरदन तालुक्यात आणि औरंगाबाद जिल्ह्यात गेलो. गावात पाटील आणि पटवारी, हाताखाली वेसकर. वसुली हाली सिक्क्यात आणि दप्तराचे साल फसली. जुना कागद हाती आला तर फसली सालात ५९० मिळवा, इसवी सन जवळपास बरोबर येते. चावडीचे मुख्य काम वसुलीचे. पांढरीत पाणी आहे का, दिवा आहे का, पोरे शिकतात का, हे तिच्या वहीत येत नसे. आड खणायचा तो गावकीने वर्गणी करून किंवा एखाद्या धनवंताने पुण्य म्हणून. आणि त्या आडावर कोणी यायचे, कोणी दूर उभे राहून ओंजळ पसरायची, याचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, तरी सर्वांना तोंडपाठ होता. सोयीच्या इतिहासात हेही लिहिले पाहिजे. स्मरणिका गोड व्हावी म्हणून मी ते गाळणार नाही.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे नुसते कायद्यांचे पीक. १९५०चा कूळ कायदा. १९५४-५५चे खासरा पत्रक, ज्यावर मराठवाड्यातले जमिनीचे निम्मे भांडण आजही येऊन थांबते. १९५६चा हैदराबादचा ग्रामपंचायत कायदा. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. मग मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ आला, १ जून १९५९ पासून अमलात आला, आणि आजही आपले काम त्याच कायद्याने चालते. फक्त नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते त्यांच्याकडे गेले. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने पाटीलकी वंशपरंपरेची न राहता नेमणुकीची झाली. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला. तोवर आपली जिल्ह्याची कामे म्हणजे औरंगाबादची एसटी आणि एक मुक्काम.

या कायद्यांच्या रांगेत एक गोष्ट मात्र नीट पाहावी. १९५८च्या कायद्याच्या ग्रामसूचीत ग्रामपंचायतीकडे दिलेल्या कामांची लांबलचक यादी आहे. मोजली तर ७९ विषय भरतात. दिवाबत्ती, गटारे, बाजार, कोंडवाडा, स्मशान, वाचनालय, झाडे लावणे, पिण्याचे पाणी. काळी मात्र तलाठ्याकडेच राहिली. सातबारा त्याच्याकडे, पंचायतीकडे नमुना नंबर आठ. घरपट्टी पंचायतीची, शेतसारा महसूल खात्याचा. एका गावाची अशी दोन दप्तरे झाली. तेव्हा कोणाला त्यात अडचण दिसली नाही. अडचण पुढे पाण्याने दाखवली.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याच्याबद्दल सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. अन्नाचा तुटवडा होताच. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन माणसे जगली. बाया-बापड्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. आज ज्या कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर आपण गाड्या पळवतो त्यातल्या कितीतरी रस्त्यांची पहिली खडी त्या वर्षातली आहे. त्या कामांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. वि. स. पागे यांनी मांडलेली ती कल्पना पुढे साऱ्या देशाने घेतली. पण त्या दुष्काळाने आणखी एक गोष्ट शिकवली. बैल मेले तरी माणूस तगतो, घशाला कोरड पडली की तगत नाही. आणि आड आटले होते.

आपल्या खालची जमीन म्हणजे थरावर थर रचलेला काळा पाषाण. वरची माती आणि मुरूम संपला की दगड लागतो. त्याच्या भेगांत असेल तेवढेच पाणी. हाताने खणलेला आड पहिल्या-दुसऱ्या थरापर्यंत जातो. खालच्या भेगेतले पाणी हवे तर यंत्राने सहा इंची भोक पाडावे लागते. ते पाडणारी यंत्रे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे आली. भोक पाडले तरी प्रश्न उरला, पाणी वर काढायचे कशाने? बाजारात मिळणारे पंप बिडाचे. ते मूळचे परदेशातल्या एका कुटुंबाच्या परसातल्या विहिरीसाठी केलेले. दिवसातून दहा-वीस बादल्या, तेही हलक्या हाताने. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव दांड्याला लोंबकळणार. महिन्यात खिळ मोडे, दांडा तुटे, वायसर झिजे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा देशातले असे सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद पडलेले आढळले.

याचा उपाय निघाला तो आपल्या जिल्ह्याच्या गावी. जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन जुने. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचे गावच वसवले होते. चर्च, शाळा, विहिरी, शेती असे आखीव गाव. त्याच मिशनने १९६०च्या दशकात गावोगाव बोअर पाडायला घेतले, आणि पंप रोज मोडतात हे पाहून स्वतःच्या वर्कशॉपमध्ये नवा पंप जुळवला. बिडाऐवजी जोडकामाचे पोलाद. दांड्याला चार-पाच सांध्यांऐवजी एकच आस. मोडण्याच्या जागाच कमी केल्या. त्याला ‘जालना पंप’ हेच नाव पडले. पुढे सोलापुरात ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश माणसाने त्यात सुधारणा केली. दांड्याच्या टोकाला कमानीवरून फिरणारी साखळी बसवली, त्यामुळे आतला रॉड सरळ वर-खाली होऊ लागला, घासेनासा झाला. तो ‘सोलापूर पंप’. त्यावरून युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. तोच आपला हापसा. लाखोंच्या संख्येने तो देशभर लागला, आफ्रिकेतल्या खेड्यांत गेला. जालना सोने का पालना, ही म्हण आपण कापसाच्या आणि व्यापाराच्या भरभराटीसाठी वापरतो, हल्ली बियाणे आणि सळईसाठीही. जगातल्या कोट्यवधी माणसांची तहान भागवणाऱ्या लोखंडाचा पाळणाही जालन्यातच हलला होता, हे मात्र आपल्या पोरांना शाळेत कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. मीही सांगितले नव्हते. निवृत्त झाल्यावर वाचले.

हापशाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती भाषणे देऊन झाली नसती. आडावर पाणी शेंदताना पोहरा आत जातो, म्हणून बाटण्याचे थोतांड. हापशाचे पाणी कोणी हापसले तरी आतल्या आतच. भांडणे झाली, हे मान्य. कोणाचा हंडा पुढे, कोणाचा मागे, यावरून अजूनही होतात. पण रांग एकच झाली.

अशा पंपाचे पुढे काय करावे, ते इंग्लंडमध्ये पाहावे. तिथे खेड्यांना पॅरिश कौन्सिल, म्हणजे त्यांची ग्रामपंचायत, मिळाली ती १८९४च्या कायद्याने. म्हणजे आपल्या पंचायतीच्या आधी साठ-पासष्ट वर्षे. तिथल्या अनेक खेड्यांत चौकातला जुना लोखंडी पंप आता पाणी देत नाही, तरी त्याला रंग देऊन, शेजारी बाक टाकून जपला आहे. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी एका पंपाचे पाणी दूषित असल्याचे दाखवून त्याचा दांडा काढायला लावला. त्या पंपाची प्रतिकृतीसुद्धा तिथे उभी आहे. आपल्याकडे बंद हापसा भंगारात जातो, किंवा त्याला म्हैस बांधतात. मी म्हैस बांधण्याच्या विरोधात नाही. पण स्नो डॉक्टरांनी जे केले तेच काम आपल्या पंचायतीचा जलसुरक्षक दर आठवड्याला करतो, टीसीएलची जंतुनाशक पावडर मोजून टाकतो आणि पाण्याचे नमुने पाठवतो. त्यावरूनच गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. त्याच्या मानधनाचा ठराव ग्रामसभेत येतो तेव्हा माणसे चहाला उठतात.

बाकीच्या सोयींबद्दल भराभर लिहितो, कारण त्यांच्या पाट्या गावात आहेतच आणि पाटीवर उद्‌घाटकाचे नाव खर्चापेक्षा मोठे आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले आणि पहिल्यांदा गावागावांत हागणदारी हा शब्द भर सभेत उच्चारला गेला. २००७ साली तंटामुक्ती आली. २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ. १९९३च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ला महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे मालक बसत, हे आपल्या मुलखात सर्वांनी पाहिले आहे. बदल कुठून सुरू झाला ते सांगतो: पाण्यावरून. रस्त्याच्या ठेक्यात पुरुष बोलत, पण हापसा बंद पडला की ग्रामसभेत पहिला आवाज बायकांचा निघे, आणि एकदा निघालेला आवाज मग रस्त्यावरही बोलू लागला.

आता पांढरी आणि काळीकडे परत येतो. आपला पट्टा मिरचीचा. धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई. संध्याकाळी पिंपळगावच्या बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग आणि खोकणारी माणसे ज्याने पाहिली नाहीत त्याने हा तालुका पाहिला नाही. मिरचीने घरे बांधली, पोरींची लग्ने केली, पोरांना पुण्याला शिकायला धाडले. पण मिरची लावायची एप्रिल-मेमध्ये, मल्चिंग अंथरून, ठिबकावर. म्हणजे जमिनीखालचे पाणी जेव्हा सर्वांत कमी तेव्हाच ओढायचे. शेतकऱ्याचा बोअर दोनशे फुटांवरून तीनशेवर, तीनशेवरून आणखी खाली. पांढरीतल्या हापशाची भेग आणि काळीतल्या बोअरची भेग बऱ्याचदा एकच असते. १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर-बोअर खणायला बंदी घातली होती. कायदा चांगला होता. पाचशे मीटर मोजायला टेप घेऊन कोण जाणार? सरपंचाचा बोअर आतच, सदस्याचा आतच, आणि हे लिहिणाऱ्याच्या भावकीचाही.

मग मे महिन्यात उलटे होते. पंचायत ठराव करते, तहसीलला प्रस्ताव जातो आणि काळीतली एखादी खाजगी विहीर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित होते. पांढरी घागर घेऊन काळीच्या दारात जाते. दोन दप्तरे वेगळी केली तरी खालचे पाणी वेगळे झाले नव्हते. ज्या वर्षी शेतकरी मोबदल्याची वाट न बघता पाइप जोडून देतो त्या वर्षी टँकर लागत नाही. जिथे रुसवेफुगवे असतात तिथे टँकर येतो आणि आल्यावर त्याच्यावर तुटून पडतात. योजनांच्या इतिहासात ही नोंद येत नाही, म्हणून इथे केली.

हापशाचे आयुष्य मोजायची एक खूण आहे. पंचायत समितीचे हातपंप दुरुस्ती पथक येते, तिकाटणे उभे करते, माणसे दोर धरतात आणि आतले पाइप एकेक करून वर येतात. एक पाइप तीन मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा फुटांचा. पोरे मोठ्याने मोजतात. पाणी खाली गेले की पथकवाला वायसर बदलतो, साखळीला ग्रीस लावतो आणि परत सोडताना एक पाइप जास्त जोडतो. एके काळी आठ-नऊ पाइपांवर भागायचे. मग अकरा, मग तेरा. पंधराच्या पुढे दांडा इतका जड होतो की दोन बायकांनी मिळून लोंबकळावे लागते, आणि पथकवाला हात पुसत म्हणतो, आता याच्यात मोटरच सोडा, याच्या पुढचे काम हाताचे नाही.